खूण बरोबर होती, ढील चुकीच्या बाजूला राहिली

वाचकाचं पत्र

नमस्कार दादा,

आमची सँट्रो झिंग २००९ची, ७८ हजार किलोमीटर चाललेली. गेल्या वर्षी पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली, पण टाइमिंग बेल्ट एकदाही बदललेला नव्हता. माझे बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात अजून उचलत नाही. म्हणून ठरवलं की ते अंगणात खुर्ची टाकून सांगतील आणि मी करीन. दोन रविवार गेले. खुणा जुळवल्या, नवा बेल्ट चढवला, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) स्क्रूड्रायव्हरने रेटून घट्ट केला, आणि गाडी चालू झाली.

पण तेव्हापासून सेल्फ खूप वेळ मारावा लागतो. उभी असताना गाडी थरथरते, खालच्या रेसला ओढत नाही. चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाट पहिल्या गिअरवर चढवावा लागला. सपाट रस्त्यावर वेग आला की मात्र बरी पळते. अ‍ॅव्हरेज १६वरून ११वर आलंय. रेस केली की बेल्टच्या बाजूने शिट्टीसारखा आवाज येतो, आणि चेक इंजिनचा दिवाही लागलाय. इथल्या एका गॅरेजवाल्यांनी बोनेट उघडून पाच मिनिटांत सांगितलं, ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेलाय, १४ हजार लागतील. भाऊ म्हणतो, भंगारात घाला. बाबा काही बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, "खूण मी सांगितली होती, चूक माझी."

काय करू?

उत्तर

ताई, गाडी आहे तिथे उभी ठेवा. नुसती सावलीत घ्यायची म्हणूनही सेल्फ मारू नका. गाडीचं पुढे सगळं सांगतो, पण सुरुवात बाबांपासून करतो, कारण पत्रातलं ते शेवटचं वाक्य मला गाडीपेक्षा जास्त लागलं.

बाबांनी सांगितलेली खूण बहुतेक बरोबरच होती. हे त्यांच्या समाधानासाठी म्हणत नाही. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरूनच ते दिसतंय. एसटीच्या ज्या टाटा आणि लेलँड गाड्यांवर त्यांची नोकरी गेली, त्यांच्या इंजिनात क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्यामध्ये टाइमिंग गिअर असतात. पोलादी दातात पोलादी दात. दोन गिअरवरचे डॉट समोरासमोर आणून बसवले की टाइमिंग लागलं, मग इंजिन लाख किलोमीटर पळू दे, डॉट हलत नाहीत. चाळीस वर्षं गिअर बसवणाऱ्या माणसाच्या हाताला एकच सवय असते: खूण जुळली की काम झालं.

तुमच्या गाडीत हेच काम दात्यांचा रबरी बेल्ट करतो, आणि बेल्टचं तसं नसतं. बेल्टला ढील असते. खालची पुली खुणेवर आहे, वरची पुली खुणेवर आहे आणि मधला पट्टा सैल आहे, असं होऊ शकतं. ही ढील सगळीच्या सगळी टेन्शनरच्या बाजूला असायला हवी. समोरची बाजू, म्हणजे क्रँक जिकडून कॅमला ओढतो ती बाजू, तारेसारखी ताठ हवी. ती एखाद्या दाताने जरी सैल राहिली, तर इंजिन पहिल्यांदा फिरताना क्रँक आधी ती ढील खातो आणि मग कॅमला ओढायला लागतो. तोवर कॅम मागे राहिलेला असतो. चढवताना दोन्ही खुणा तुम्ही डोळ्यांनी जुळलेल्या पाहिल्यात आणि पहिल्या फेरीनंतर त्या जुळलेल्या राहिल्या नाहीत, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. बाबांना एवढंच सांगा की बेल्टला गिअरसारखं समजू नका, त्याला ढील असते. ते मेकॅनिक आहेत, पुढचं त्यांना सांगावं लागणार नाही.

आता लक्षणं बघा, कशी ओळीने लागतात. क्रँक दोन फेऱ्या फिरतो तेव्हा कॅम एक फेरी फिरतो. रेस ८००वर असताना प्रत्येक इनटेक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा उघडतो आणि मिटतो, ३,००० वर गेलात की सेकंदाला २५ वेळा. समजा खालच्या पुलीला २० दात आहेत. मग एक दात चुकला म्हणजे क्रँकच्या हिशोबाने १८ अंशांचा फरक पडला. कॅम मागे पडला की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. पिस्टन वर यायला लागलेला असतो आणि दार अजून उघडंच, त्यामुळे आत घेतलेल्या हवेतली थोडी आल्या वाटेने परत जाते. कमी रेसला हे सगळ्यात जास्त जाणवतं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पडतं, म्हणून सेल्फ लांबतो. उभी असताना इंजिन थरथरतं, घाटात जीव राहत नाही, पेट्रोल जास्त जातं. वेग वाढला की आत येणाऱ्या हवेलाच जोर असतो, ती सहजी परत फिरत नाही, आणि गाडी बरी वाटायला लागते. "सपाट रस्त्यावर वेग आला की बरी पळते" हे जे तुम्ही सहज लिहून गेलात, त्याच वाक्याने मला वाट दाखवली. इग्निशनच्या बिघाडात किंवा पेट्रोल कमी पडत असेल तर बहुतेक वेळा उलटं होतं, जोर मागितला की गाडी मिसिंग मारते.

शिट्टीचा आवाज हा दुसरा धागा. स्क्रूड्रायव्हरने रेटून घट्ट केलेला बेल्ट असाच गातो, आणि रेसबरोबर त्याचा सूर चढतो. त्यात टेन्शनरचं बेअरिंग लवकर संपतं. म्हणजे तुमच्या कामात दोन वेगवेगळ्या गोष्टी झाल्यात: बेल्ट एक दात चुकलाय आणि प्रमाणाबाहेर ताणलाही गेलाय. दोन्हींचा इलाज एकच, कव्हर परत उघडायचं.

ईसीएमबद्दल. माझा एक साधा नियम आहे: ज्या दिवशी गाडीला हात लागला त्या दिवसापासून त्रास असेल, तर आधी हात लागलेल्या जागेतच शोधायचं. बेल्ट बदलताना ईसीएम आपोआप जात नाही. बॅटरी उलटी जोडली, गाडीवर वेल्डिंग केलं किंवा आत पाणी गेलं असतं तर मी शंका घेतली असती. चेक इंजिनचा दिवा सहसा ईसीएम मेल्यामुळे लागत नाही, ईसीएमला काहीतरी खटकतंय म्हणून लागतो. स्कॅनर जोडून मिळाला तर कोड लिहून घ्या. पी ००१६ आला तर क्रँक आणि कॅमची सांगड बसत नाहीये. पी ०३३५ क्रँक सेन्सरचा, पी ०३४० कॅम सेन्सरचा, पी ०३०० म्हणजे मिसिंग होतंय पण कुठल्या एका सिलिंडरमध्ये असं नाही. २००९ची गाडी आहे, साधा ब्लूटूथवाला स्कॅनर तिच्याशी बोलेलच असं नाही. नाही बोलला तरी अडत नाही. कॉम्प्रेशन न मोजता, खुणा न बघता ज्याने पाच मिनिटांत १४ हजारांचा भाग सांगितला, त्याच्याकडे ही गाडी परत नेऊ नका.

कव्हर उघडण्याआधी अर्धा तास हात आणि डोळे वापरा, कारण चूक याहून सोपीही असू शकते. बेल्टसाठी जे जे सोडलं होतं ते एकेक आठवा. एअर फिल्टरचा पाइप नीट बसलाय का, त्याची क्लिप आवळली आहे का? एखादी बारकी व्हॅक्यूमची नळी निघून लोंबतेय का? ती निघाली असेल तर इंजिन उभं असताना थरथरतं, फुसफुस ऐकू येते, पण घाटातली ताकद इतकी जात नाही. क्रँक सेन्सरची वायर पुलीजवळून जाते, ती बेल्टला घासत नाही ना? प्लगच्या वायरी काढल्या असतील तर त्या आपापल्या सिलिंडरवरच गेल्यात ना? फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ आहे. यातलं काही सापडलं तर नीट करा, पण बेल्ट उघडायचा टाळू नका. शिट्टी आहे म्हणजे तो उघडायचाच आहे.

आता कामाकडे. घाई करू नका, या वेळीही दोन रविवार लागले तर लागू देत. गाडी सपाट फरशीवर किंवा काँक्रीटवर घ्या, मातीच्या अंगणात नको. त्यासाठी ढकला, माणसं बोलवा. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. बॅटरीची निगेटिव्ह काढा. बेल्टच्या बाजूचं पुढचं चाक काढायचंय, म्हणून गाडी जॅकने उचलायची पण नुसत्या जॅकवर सोडायची नाही, खाली स्टँड लावायचा. स्टँड नसेल तर तो येईपर्यंत काम थांबलं तरी चालेल. गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलायला असतो, माणसाने खाली हात घालायला नसतो. इंजिनचा माउंट सोडावा लागेल तेव्हा ऑइल पॅनच्या खाली जाड फळी ठेवून दुसऱ्या जॅकने इंजिनला आधार द्या. फळीशिवाय दिलात तर पॅनला पोचा पडतो.

चारही प्लग काढा. त्याने इंजिन हाताला हलकं होतं, आणि कॉम्प्रेशन मोजायलाही ते काढायचेच आहेत. आता क्रँकच्या मधल्या मोठ्या बोल्टवर पाना लावून इंजिन फिरवा, त्याच्या चालण्याच्या दिशेनेच. तुमच्या गाडीत बेल्टच्या बाजूने बघताना ती घड्याळाच्या काट्यांची दिशा. कॅमच्या बोल्टवर पाना लावून कधीही फिरवू नका. आणि फिरवताना इंजिन अचानक अडलं तर जोर लावू नका, तिथेच थांबा. ज्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात, तिथे ते अडणं म्हणजे एकाची दुसऱ्याला धडक असू शकते. तुमचं इंजिन तसंच आहे असं धरून काम करा.

एक नंबर सिलिंडरचा पिस्टन टॉपवर, म्हणजे सगळ्यात वर, आणा आणि बेल्ट न काढता, आहे तसा, खुणा बघा. इथे माणसं दोन ठिकाणी फसतात. एक, बाहेरच्या मोठ्या पुलीवरची खूण बघून समाधान मानतात. त्या पुलीत रबर असेल तर ते जुनं होऊन सरकतं आणि खूण खोटं बोलते. पुली काढून आतल्या दात्यांच्या पुलीवरची खूण बघायची. दोन, क्रँकची खूण जुळली पण कॅमची बरोबर विरुद्ध बाजूला दिसली की माणूस घाबरतो. तिथे काही चुकलेलं नसतं, क्रँकला अजून एक पूर्ण फेरी द्या. कॅम अर्ध्या वेगाने फिरतो ना!

माझा अंदाज खरा असेल तर क्रँक खुणेवर असताना कॅमची खूण एक दात मागे दिसेल. फोटो काढा आणि बाबांना दाखवा. हा फोटो त्यांनी बघणं गरजेचं आहे.

मग नवा बेल्ट आणा. हो, परत नवा. आताचा बेल्ट स्क्रूड्रायव्हरच्या रेट्यावर ताणलेला चाललाय. बेल्टच्या रबरात काचेच्या तंतूंच्या दोऱ्या असतात, ताण त्या सोसतात. त्या दुमडल्या, पिळल्या, प्रमाणाबाहेर ओढल्या की आत तुटतात आणि वरून काही दिसत नाही. म्हणूनच दुकानदाराने बेल्ट घडी घालून पिशवीत कोंबून दिला तर घेऊ नका. अधिकृत पार्ट्सच्या काउंटरवरून घ्या, नकली माल यात फार आहे. टेन्शनरही नवा घ्या. बोटाने फिरवल्यावर जुन्याचा खरखर आवाज येतो का बघा, मग तुम्हालाच पटेल. कॅम आणि क्रँकच्या ऑइल सीलमागे ओल दिसत असेल तर सीलही आताच बदला. तेलात भिजलेला बेल्ट टिकत नाही. कूलंटचा माग दिसला तर तो वॉटर पंपचा, तोही आताच.

क्रँक पुलीचा बोल्ट फार घट्ट असतो. पाना अडकवून सेल्फ मारून तो सोडायची एक पद्धत गॅरेजात दिसते. घरी करू नका, पाना सुटून हात मोडतो. गाडी पाचव्या गिअरवर टाका, भावाला ब्रेक गच्च दाबून बसायला सांगा, पान्याला लांब टॉमी (दांडा) लावा. भंगारात घाला म्हणणाऱ्याचाही एक पाय कामाला लागू दे. बोल्ट सुटला की गिअर लगेच न्यूट्रलला आणा, नाहीतर पुढे इंजिन फिरणार नाही आणि तुम्ही भलतीकडेच कारण शोधत बसाल.

बेल्ट काढण्याआधी दोन्ही खुणा नेमक्या जुळवून पांढऱ्या नेलपॉलिशने ठळक करा, पुलीवर एक ठिपका आणि समोरच्या बॉडीवर एक. बेल्ट निघाल्यावर काहीही फिरवू नका. नवा बेल्ट खालून चढवायला घ्या: आधी क्रँकची पुली, मग टेन्शनर नसलेल्या बाजूने सरळ वर, ताठ धरून, कॅमवर, आणि शेवटी टेन्शनरकडे. ताठ बाजू अंगठ्याने दाबून बघा. तिथे जरा जरी पोक आला तर दात मागे घेऊन परत चढवा. सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला जमली पाहिजे. मग टेन्शनरचे बोल्ट सैल करून त्याच्या स्प्रिंगला तिचं काम करू द्या. ताण किती द्यायचा हे स्प्रिंग ठरवते, आपला स्क्रूड्रायव्हर नाही. बोल्ट कुठला आधी आवळायचा आणि किती टॉर्कने, हे मॅन्युअलमध्ये बघूनच करा. टॉर्क पाना कुणाकडून तरी एक दिवसासाठी मागून आणा.

आणि आता जे सांगतो ते या सगळ्या पत्रातलं खरं काम आहे, बाकी सगळी त्याची तयारी. पाना क्रँकवर लावा आणि इंजिन हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा, चालायच्या दिशेने, सावकाश. दोन फेऱ्यांनी कॅमची एक फेरी होते, म्हणजे दोन्ही खुणा परत समोरासमोर यायला हव्यात. नाही आल्या तर सोडा, परत लावा. आल्या तर ताण बघा, आणि आणखी दोन फेऱ्या द्या. दर वेळी नेलपॉलिशचे चार ठिपके जुळायला हवेत. मागच्या वेळी तुमचं फक्त हे राहिलं. इंजिनने ती पहिली फेरी सेल्फवर घेतली, आणि चुकलेला दात कुणाला दिसायच्या आत कव्हर लागलेलं होतं.

हे मी इतक्या पोटतिडकीने का सांगतोय? कोल्हापुरात उद्यमनगरात शिकत होतो तेव्हा एका डिझेल गाडीचा बेल्ट मी चढवला. खुणा जुळल्या होत्या, उस्ताद जेवायला गेले होते, मालक घाई करत होते. हाताने न फिरवता मी किल्ली फिरवली. इंजिन एकदा खट्ट वाजलं आणि थांबलं. हेड उतरवलं तेव्हा चार व्हॉल्व्ह वाकलेले निघाले. उस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी चारही व्हॉल्व्ह माझ्या हातात दिले आणि नवे लॅप करायला बसवलं. तळहाताची कातडी जाईपर्यंत मी ते घासले. मालकाची गाडी आठ दिवस उभी राहिली, त्यांचा धंदा बुडाला. ते आठ दिवस मी विसरलेलो नाही. तुमची गाडी चालू तरी झाली, ताई. तेव्हा माझं झालं त्याहून हे खूप बरं आहे.

फेऱ्या जुळल्या की प्लग बसवायच्या आधी कॉम्प्रेशन मोजा. गेज फार महाग नसतं, भाड्यानेही कुणी देईल. बॅटरी जोडा, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, कॉइलचा कनेक्टर काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरवर पाच-सहा ठोके सेल्फ मारा. चांगल्या पेट्रोल इंजिनात आकडे साधारण १५० ते १९० पीएसआयच्या मध्ये येतात. मात्र एकेका आकड्यापेक्षा त्यांच्यातला फरक जास्त सांगतो. चारही आकडे जवळपास सारखे आणि चांगले आले तर प्लग बसवा, गाडी चालू करा. चारही सारखेच कमी आले तर टाइमिंग बहुधा अजून चुकलेलं आहे, परत खुणांकडे. तीन चांगले आणि एक फार खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंग झिजल्यात, तो ७८ हजारांचा हिशोब आहे, बेल्टचा नाही. ढिम्म राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाहीये, बहुधा वाकलाय.

असं निघालं तर घरचं काम तिथे थांबवा. हेड उतरवणं हे अंगणातलं काम नाही, हेड समतल आहे का हे मशीन शॉपला बघावं लागतं. चांगल्या गॅरेजात जा आणि ते चार आकडे कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. आकडे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला सहसा कुणी ईसीएम सांगत नाही. त्यांना त्या सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून बघायला सांगा. ज्यांच्याकडे कॉम्प्रेसर आहे त्यांच्यासाठी ते पाच मिनिटांचं काम आहे. फुसफुस सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. पिस्टन टॉपवर, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतानाच हे करायचं, नाहीतर हवेच्या दाबाने इंजिन फिरतं.

पण मला वाटत नाही की तिथवर जावं लागेल. वाकलेल्या व्हॉल्व्हची गाडी कुठल्याच वेगाला बरी पळत नाही.

भंगाराबद्दल भावाला सांगा, ७८ हजार म्हणजे या इंजिनाचं वय नाही. हवं तर थोडा इतिहासही ऐकवा. कारखान्यात मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाडीत बेल्टवर चालणारा कॅम पहिल्यांदा १९६२ साली जर्मनीच्या ग्लास १००४ मध्ये आला. आपल्याकडे पद्मिनी आणि अँबॅसिडरला चेन होती. घराघरात बेल्ट आला तो १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हापासून. चेनवाल्या गाडीच्या पोटातलं काही ठरावीक वर्षांनी बदलायचं असतं ही कल्पनाच त्या पिढीच्या डोक्यात नव्हती. म्हणून कित्येक घरांत अजूनही बेल्ट तुटेपर्यंत त्याची आठवण निघत नाही. तुम्ही १६ वर्षांचा बेल्ट तुटायच्या आत काढलात, हे तुम्ही दोघांनी मोठं काम केलंय. रबर नुसते किलोमीटर मोजत नाही, वर्षंही मोजतं. इतिहास माहीत नसलेल्या जुन्या गाडीचा बेल्ट मी न बघता बदलतो.

हे वाचून आपापल्या गाडीकडे धावणाऱ्या इतर वाचकांसाठी थोडं. स्विफ्टच्या १.३ डिझेलला टाइमिंग चेन आहे, बेल्ट शोधू नका. डस्टरच्या १.५ डिझेलमध्ये हाय प्रेशर पंप आणि वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतात, कॅम आणि क्रँक पिनने अडकवावे लागतात. त्या पिना नसतील तर नेलपॉलिशच्या भरवशावर राहू नका. इकोस्पोर्टच्या एक लिटर टर्बो पेट्रोलचा बेल्ट चक्क ऑइलमध्ये चालतो. तिथे कंपनीने सांगितलेलंच ऑइल घाला, आणि ते काम घरी नको.

ताई, रविवारी काम काढाल तेव्हा पाना तुमच्या हातात असू द्या, पण दोन फेऱ्यांनंतर खुणा जुळल्या की नाही हे सांगायचं काम बाबांचं. खुर्ची चाकाच्या खाचेसमोर आणा, डाव्या हातात टॉर्च द्या. तुम्ही फिरवायचं, ते बघणार, आणि ते "बरोबर" म्हणेपर्यंत कव्हरला हात लावायचा नाही. कव्हर लागलं की त्यावर पेंटच्या पेनाने तारीख आणि किलोमीटर लिहा. मग चार सिलिंडरचे चार आकडे आणि आधीच्या खुणेचा तो फोटो मला पाठवा.